तात्यांचा पेले, माझा मॅराडोना, पोरांचा मेस्सी

परवा रात्री जेवणानंतर पेठेतल्या कट्ट्यावर पुन्हा तोच वाद पेटला. जगातला सगळ्यात भारी फुटबॉलर कोण? कोल्हापुरात हा प्रश्न सहज विचारून चालत नाही. इथं वर्ल्ड कप आला की निम्म्या गल्लीत ब्राझीलचे झेंडे लागतात, निम्म्या गल्लीत अर्जेंटिनाचे, आणि महिनाभर चांगले मित्र एकमेकांकडं वाकड्या नजरेनं बघतात.

एका बाजूला माझा भाचा. वय १९, अंगात दहा नंबरचा जर्सी, मोबाईलमध्ये मेस्सीचे शेकडो व्हिडिओ. दुसऱ्या बाजूला आमच्या गल्लीतले तात्या, वय ऐंशीच्या घरात. तरुणपणी आपल्या तालमीकडून राइट आऊटला खेळायचे. त्यांचा देव पेले. मधे मी. १९८६ साली बारा वर्षांचा होतो, शेजारच्यांच्या टीव्हीसमोर फरशीवर बसून मॅराडोना बघितला आणि तेव्हापासून विषय संपला.

भाच्यानं तात्यांना सरळच विचारलं, "तात्या, तुम्ही पेलेची एक तरी मॅच बघितलीय का?"

तात्या जरा थांबले. मग म्हणाले, "मॅच न्हाई बघितली बाळा. पेपरात फोटो बघितलेत. आणि त्यो एक इंग्लिश पिक्चर आलता, त्यात बघितलाय."

पोरं खो खो हसली. तात्या म्हणत होते तो पिक्चर म्हणजे १९८१ चा 'एस्केप टू व्हिक्टरी'. त्यात पेलेनं खरंच काम केलं होतं. पडद्यावर त्यानं मारलेली बायसिकल किक तात्यांना अजून आठवते. म्हणजे ज्या माणसाला त्यांनी आयुष्यभर सर्वश्रेष्ठ मानलं, त्याला हलताना पळताना त्यांनी बघितलं ते फक्त एका सिनेमात, आणि तेही तो रिटायर झाल्यावर!

मीही हसलो. पण घरी आल्यावर झोप लागेना. कारण मी तरी मॅराडोना किती बघितला होता? एका वर्ल्ड कपच्या काही मॅचेस. नापोलीकडून तो सात वर्षं खेळला, त्यातलं मी तेव्हा काहीच बघितलं नव्हतं. आणि भाच्यानं मेस्सीच्या मॅचेस बघितल्यात, पण त्यातल्याही बऱ्याच तीस सेकंदांच्या तुकड्यांत. मग आम्ही तिघं नेमकी कशाची तुलना करत होतो?

या विषयावर गेल्या काही वर्षांत बरंच वाचलंय. ते आज सविस्तर लिहितो. पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा.

फिफालाही हा वाद सोडवता आला नाही

२००० साली फिफानं 'शतकातला सर्वोत्तम खेळाडू' निवडायचं ठरवलं आणि इंटरनेटवर मतदान घेतलं. मॅराडोनाला निम्म्याहून जास्त मतं पडली. पेले बराच मागं राहिला. मग फिफाला घाम फुटला. २००० साली इंटरनेट वापरणारे बहुतेक तरुण होते, त्यांनी पेलेला खेळताना बघितलंच नव्हतं, अशी ओरड सुरू झाली. शेवटी फिफानं तज्ज्ञांच्या आणि आपल्या मासिकाच्या वाचकांच्या मतांवर दुसरा पुरस्कार काढला आणि तो पेलेला दिला. एकाच शतकाचे दोन सर्वोत्तम खेळाडू. रोममध्ये एकाच समारंभात दोघांना गौरवलं.

लोक याला फिफाचा भोंगळपणा म्हणतात. मला मात्र यात एक खरी गोष्ट दिसते. मतदान खेळाडूंवर झालंच नव्हतं, मतदारांच्या वयावर झालं होतं. आज तेच मतदान घेतलं तर मेस्सी येईल. अजून तीस वर्षांनी आज पाळण्यात असलेला कुणीतरी येईल, आणि तेव्हा माझा भाचा तात्यांच्या जागी बसून पोरांचं हसू ऐकून घेत असेल.

तिघं एकच खेळ खेळलेच नाहीत

मैदान तेवढंच, गोलपोस्ट तेवढाच, माणसं अकरा. पण नियम बघा.

१९६६ चा इंग्लंडमधला वर्ल्ड कप. पेले २५ वर्षांचा, ऐन उमेदीत. पहिल्याच मॅचमध्ये बल्गेरियानं त्याला इतकं तुडवलं की पुढची मॅच त्याला बसून काढावी लागली. पोर्तुगालविरुद्ध तो परत आला, तर त्यांच्या मोराइसनं एकाच झटापटीत त्याला दोनदा उडवलं. तेव्हा यलो कार्ड नव्हतं, रेड कार्डही नव्हतं. बदली खेळाडू घ्यायची सोयही नव्हती. त्यामुळं जगातला सर्वोत्तम फुटबॉलर उरलेली मॅच लंगडत खेळला आणि ब्राझील पहिल्याच फेरीत घरी गेलं. मोराइस मैदानातच राहिला.

कार्डं आली ती १९७० च्या मेक्सिको वर्ल्ड कपला. बदली खेळाडूही वर्ल्ड कपमध्ये तेव्हाच पहिल्यांदा आले, तेही दोनच. त्याच स्पर्धेत इटलीविरुद्धच्या सेमीफायनलमध्ये जर्मनीच्या बेकेनबाउरचा खांदा निखळला. जर्मनीचे दोन्ही बदली खेळाडू वापरून झाले होते. पठ्ठ्या हात गळ्यात बांधून एक्स्ट्रा टाईम संपेपर्यंत खेळला. आज पाच बदली खेळाडू चालतात.

आता माझ्या मॅराडोनाकडं या. १९८२ च्या वर्ल्ड कपमध्ये इटलीच्या जेंटिलेनं त्याच्यावर जी पाळत ठेवली, ती फुटबॉलच्या इतिहासात कुप्रसिद्ध आहे. त्या एका मॅचमध्ये मॅराडोनावर २३ फाऊल झाले. जेंटिलेला फक्त यलो कार्ड मिळालं. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९८३ मध्ये, बार्सिलोनाकडून खेळताना बिल्बाओच्या गोइकोएचेआनं मागून पाय घातला आणि त्याचा घोटा मोडला. १९८६ चा वर्ल्ड कप जिंकताना त्याच्यावर एकूण ५३ फाऊल झाले. एका स्पर्धेत एका खेळाडूवर इतके फाऊल हा विक्रमच आहे.

मागून घातकी टॅकल करणाऱ्याला सरळ बाहेर काढा, अशी सक्त ताकीद रेफरींना मिळाली ती १९९८ च्या वर्ल्ड कपच्या आधी. मेस्सी तेव्हा रोझारियोत दहा-अकरा वर्षांचा होता. म्हणजे तो मोठा झाला तेव्हा त्याचे पाय वाचवणारे कायदे तयार होते. ते कायदे झाले कुणामुळं? पेले, मॅराडोना आणि त्यांच्यासारख्या कितीतरी जणांचे पाय मोडलेले लोकांनी बघितले म्हणून.

आणखी एक नियम. १९९२ पर्यंत डिफेंडरनं मागं दिलेला पास गोलकीपर हातात घ्यायचा. एक गोल झाला की उरलेला वेळ चेंडू मागं देत बसायचं. १९९० च्या वर्ल्ड कपमध्ये हे इतकं झालं की मॅचमागं गोलची सरासरी २.२१ वर आली, वर्ल्ड कपच्या इतिहासातली सगळ्यात कमी. मग फिफानं नियम बदलला आणि खेळ मोकळा झाला. २०२२ ला तीच सरासरी २.६९ होती.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे मेस्सीला सगळं सोपं होतं म्हणताय?"

नाही. त्याच्याही बाजूनं बोललं पाहिजे. १९५८ चा कुठलाही डिफेन्स आज बघा. खेळाडूंमध्ये केवढी मोकळी जागा! चेंडू मिळाल्यावर मान वर करून विचार करायला वेळ मिळायचा. आज चेंडू पायाशी येण्याआधी दोघं अंगावर आलेले असतात. बचाव करणारेही मॅरेथॉनवाल्यासारखे फिट. मेस्सी कुठल्या पायानं वळतो, कुठं पास देतो, कुठून शॉट मारतो, याचा प्रत्येक सेकंद समोरच्या टीमनं कॉम्प्युटरवर अभ्यासलेला असतो. १९५८ साली स्वीडनला गेलेल्या संघांपैकी कितीजणांनी पेलेचं नाव तरी ऐकलं होतं? तो सतरा वर्षांचा होता. मेस्सीला असं लपून राहायला एक दिवसही मिळाला नाही.

आणि माझ्या मॅराडोनाचा तो हातानं मारलेला गोल! २२ जून १९८६, अझ्टेका स्टेडियम, इंग्लंडविरुद्ध क्वार्टर फायनल. आजच्या व्हीएआरसमोर तो एक मिनिटही टिकला नसता. वर कार्डही मिळालं असतं. मग चार मिनिटांनी त्यानं स्वतःच्या हाफमधून निघून, निम्मी इंग्लंडची टीम मागं टाकून जो दुसरा गोल मारला, तो झाला असता का? कोण सांगणार?

आकड्यांच्या नादाला लागू नका

कट्ट्यावरच्या वादात आकडे दगडासारखे फेकले जातात. पेलेचे १२८० च्या वर गोल! मेस्सीचे एका वर्षात ९१! बॅलन डी'ओर आठ!

एकेक बघू.

पेलेच्या त्या हजाराच्या वरच्या गोलांमध्ये मैत्रीपूर्ण सामने, परदेश दौरे, सैन्यात असताना खेळलेले सामने असं सगळं धरलंय. फक्त अधिकृत सामने मोजले तर आकडा साडेसातशेच्या वर राहतो. मेस्सीवाले इथं टाळ्या वाजवतात. पण थांबा. तेव्हा सँटोस क्लब जगभर दौरे करून पैसे कमवायचा. युरोपातले मोठे क्लब समोर असायचे आणि पेलेला हरवणं हा त्यांच्या इज्जतीचा प्रश्न असायचा. आणि अधिकृत सामना हवा असेल तर १९६२ चा इंटरकॉन्टिनेंटल कप घ्या. युरोपचा चॅम्पियन बेनफिका, मैदान त्यांचं लिस्बनमधलं. सँटोसनं ५-२ नं जिंकलं. तीन गोल पेलेचे.

बॅलन डी'ओर मेस्सीकडं आठ, पेलेकडं शून्य, असा एक फोटो दर काही महिन्यांनी फिरत असतो. हा तर निव्वळ अन्याय आहे. हा पुरस्कार १९५६ ला सुरू झाला आणि १९९५ पर्यंत फक्त युरोपियन खेळाडूंनाच मिळायचा. पेले किंवा मॅराडोना त्या यादीत बसतच नव्हते. २०१६ साली पुरस्कार देणाऱ्या 'फ्रान्स फुटबॉल' मासिकानंच हिशेब पुन्हा मांडला. सगळ्यांना खुला असता तर पेलेला सात वेळा मिळाला असता, असं त्यांचंच उत्तर आलं. शून्याचे सात झाले. खेळाडू तोच, गोल तेच.

फ्रान्सच्या जुस्त फोंतेननं १९५८ च्या एकाच वर्ल्ड कपमध्ये १३ गोल मारले. मेस्सीला २०२२ पर्यंत पाच वर्ल्ड कप मिळून तेवढेच गोल करता आले. म्हणून फोंतेन मेस्सीपेक्षा पाचपट मोठा का? त्या स्पर्धेत मॅचमागं सरासरी ३.६ गोल झाले होते. त्याच्या आधीच्या १९५४ च्या स्पर्धेत तर ५.३८! आकडा खरा असतो, पण तो आपल्या काळात घट्ट बांधलेला असतो. १९७० साली दहा तोळे सोनं घेतलेल्या माणसाला आजच्या भावानं श्रीमंत ठरवणं आणि गोल मोजणं सारखंच आहे.

जे यादीत येतच नाहीत

या तिघांच्या भांडणात काही नावं नेहमी राहून जातात.

हंगेरीचा पुश्कास. देशासाठी ८५ सामन्यांत ८४ गोल. नोव्हेंबर १९५३ मध्ये त्याच्या संघानं इंग्लंडला त्यांच्याच वेम्बलीवर ६-३ नं लोळवलं. १९५४ च्या वर्ल्ड कपमध्ये पश्चिम जर्मनीला आधी ८-३ नं हरवलं आणि फायनलमध्ये त्याच जर्मनीकडून ३-२ नं हरले. दोन वर्षांनी हंगेरीत उठाव झाला, सोव्हिएत रणगाडे आत आले आणि तो सोन्यासारखा संघ फुटला. पुश्कास देशाबाहेर राहिला. पुढं रियाल माद्रिदकडून १९६० च्या युरोपियन कप फायनलमध्ये त्यानं एकट्यानं चार गोल मारले. उरलेले तीन डी स्टेफानोचे.

हा डी स्टेफानो म्हणजे आणखी एक दुखणं. पहिले पाचही युरोपियन कप माद्रिदनं जिंकले आणि पाचही फायनलमध्ये त्यानं गोल केला. पण वर्ल्ड कपचा एकही सामना तो खेळला नाही. ऐन उमेदीच्या काळात त्याचे देश स्पर्धेत नव्हते आणि १९६२ ला संघात होता तेव्हा जायबंदी होता. 'वर्ल्ड कप नाही तर ग्रेट नाही' असं म्हणणाऱ्यांच्या हिशेबात हा माणूस शून्य.

गारिंचा. दोन्ही पाय वाकडे. १९६२ ला पेले दुसऱ्याच सामन्यात जखमी होऊन बसला, तेव्हा ब्राझीलला कप जिंकून दिला तो यानं. पेले आणि गारिंचा दोघं मिळून मैदानात असताना ब्राझील एकदाही हरलं नाही. तरी आजची पोरं एकाचं नाव घेतात, दुसऱ्याचं विचारतात कोण म्हणून.

आणि मार्ता. २०२३ पर्यंतच्या महिला वर्ल्ड कपमध्ये तिचे १७ गोल. तोपर्यंत पुरुषांच्या वर्ल्ड कपमधला सगळ्यात मोठा आकडा होता जर्मनीच्या क्लोसेचा, १६. पण कट्ट्यावरच्या यादीत ती कधी येत नाही. ज्या ब्राझीलला आपण फुटबॉलचं माहेर म्हणतो, तिथं १९४१ ते १९७९ बायकांनी फुटबॉल खेळायलाच कायद्यानं बंदी होती. पेलेची सगळी कारकीर्द या बंदीच्या काळात गेली. त्या अडतीस वर्षांत तिथल्या किती पोरींच्या पायात जादू होती आणि ती चुलीपुढं विरली, याचा हिशेब कोण देणार? इंग्लंडमध्येही १९२१ पासून पन्नास वर्षं क्लबच्या मैदानांवर बायकांना बंदी होती. 'सर्वकाळातला सर्वश्रेष्ठ' म्हणताना आपण निम्मी माणसं आधीच वगळलेली असतात.

मग तुलना करायचीच नाही का?

करायची की! त्याशिवाय कट्ट्याला मजा काय. पण माझ्यापुरता मी एक नियम केलाय. खेळाडूची तुलना दुसऱ्या काळातल्या खेळाडूशी करायची नाही, त्याच्या स्वतःच्या काळाशी करायची. त्याच नियमांत, त्याच मैदानांवर, तसल्याच चेंडूनं खेळणाऱ्या बाकीच्यांपेक्षा तो किती पुढं होता?

पेले: ज्या वयात पोरं बारावीची परीक्षा देतात, त्या वयात वर्ल्ड कपच्या सेमीफायनलमध्ये तीन गोल आणि फायनलमध्ये दोन. बारा वर्षांनी १९७० ला तोच माणूस, आता संघाचा मेंदू बनून, परत कप जिंकतो. तीन वर्ल्ड कप जिंकणारा तो एकमेव खेळाडू.

मॅराडोना: १९८६ ला पाच गोल, आणि आणखी पाच गोलांचे पास. आणि नापोली! इटलीच्या गरीब, उत्तरेकडच्या लोकांनी हिणवलेल्या दक्षिणेतला क्लब. तो येईपर्यंत त्यांनी एकदाही लीग जिंकलेली नव्हती. त्यानं १९८७ आणि १९९० ला दोनदा जिंकून दिली, तेही जगातले सगळ्यात कडक डिफेंडर ज्या लीगमध्ये होते तिथं. त्याची व्यसनं, १९९१ ची आणि १९९४ ची बंदी हेही त्याच खात्यात लिहायला लागतं, मला कितीही वाईट वाटलं तरी.

मेस्सी: सातत्य. बार्सिलोनाकडून ७७८ सामन्यांत ६७२ गोल. पहिला बॅलन डी'ओर २००९ ला, आठवा २०२३ ला. पेले आणि मॅराडोना यांच्यापैकी कुणालाही इतकी वर्षं, इतक्या कॅमेऱ्यांसमोर, दर तिसऱ्या दिवशी स्वतःला सिद्ध करायला लागलं नव्हतं. २०१४, २०१५, २०१६ अशा लागोपाठ तीन वर्षांत तीन फायनल हरून, मधे एकदा निवृत्ती जाहीर करून, परत येऊन ३५ व्या वर्षी वर्ल्ड कप जिंकणं हे काळजाचं काम आहे.

माझं मत विचाराल तर असं: सगळ्यात लवकर आणि सगळ्यात जास्त जिंकला पेले, एका महिन्यात सगळ्यात उंच गेला मॅराडोना, सगळ्यात जास्त काळ वर राहिला मेस्सी. यातलं तुम्हाला काय महत्त्वाचं वाटतं त्यावर तुमचं उत्तर ठरणार. माझं मन अजून मॅराडोनापाशीच आहे. पण ते बारा वर्षांच्या पोराचं मन आहे, तो पुरावा नव्हे. हे कबूल करायला मला चाळीस वर्षं लागली.

आता आपल्या घरातलं बघू

खरं सांगायचं तर ही पोस्ट मी त्या तिघांसाठी लिहायला बसलोच नव्हतो.

वाद संपल्यावर मी कट्ट्यावर सहज विचारलं, "ऑलिम्पिकमध्ये हॅटट्रिक मारणारा पहिला आशियाई खेळाडू कोण?" कुणी जपान म्हणालं, कुणी कोरिया. दिवसाला तीन तास फुटबॉल बघणारी पोरं. एकालाही आलं नाही. तात्यांनाही नाही.

नेव्हिल डिसूझा. जन्म गोव्यातला, खेळला मुंबईत, टाटांच्या संघाकडून. डिसेंबर १९५६, मेलबर्न ऑलिम्पिक. यजमान ऑस्ट्रेलियाला भारतानं ४-२ नं हरवलं, त्यातले तीन गोल नेव्हिलचे. सेमीफायनलमध्ये युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्याचाच, म्हणजे काही मिनिटं का होईना, भारत ऑलिम्पिक फायनलच्या वाटेवर होता. मग ४-१ नं हरलो. कांस्यपदकाची लढतही हरलो, चौथे आलो. स्पर्धेत सगळ्यात जास्त गोल करणाऱ्यांमध्ये नेव्हिल संयुक्त पहिला होता, चार गोल.

आता मीच वर केलेला नियम आपल्यालाही लावला पाहिजे, नाहीतर मी फक्त दुसऱ्यांचे आकडे फोडणारा ठरेन. त्या ऑलिम्पिकमध्ये व्यावसायिक खेळाडू नव्हते, त्यामुळं पश्चिम युरोपचे आणि दक्षिण अमेरिकेचे मोठे खेळाडू नव्हतेच. कितीतरी देशांनी माघार घेतली होती. आपला पहिला सामना हंगेरीशी होता, पण ते आलेच नाहीत, आपण न खेळता पुढं गेलो. तेव्हा 'आपण जगात चौथे होतो' असं छाती फुगवून म्हणण्यात अर्थ नाही. पण आशियात आपण पहिले होतो, हे ठामपणे म्हणता येतं. १९५१ च्या दिल्लीच्या पहिल्या एशियन गेम्समध्ये सुवर्ण. १९६२ ला जकार्तात दक्षिण कोरियाला २-१ नं हरवून पुन्हा सुवर्ण. एस. ए. रहीम यांच्यासारखा प्रशिक्षक, पी. के. बॅनर्जी, चुनी गोस्वामी, तुळसीदास बलराम, जर्नेल सिंग, गोलमध्ये पीटर थंगराज. रहीमसाहेबांचं नाव आपल्यातल्या बहुतेकांनी पहिल्यांदा ऐकलं ते २०२४ ला 'मैदान' पिक्चर आला तेव्हा. तात्यांचा पेले सिनेमात भेटला म्हणून आपण हसलो ना? आपले रहीम आपल्यालाही सिनेमातच भेटले.

हे खेळाडू आपल्या आठवणीतून का गेले? मेस्सीच्या सरावाचेही व्हिडिओ मिळतात. ज्याचा पुरावा समोर हजर असतो तो मोठा वाटतो, आणि ज्याचं काही जपलंच नाही तो हळूहळू झालाच नव्हता असं होतं. मुंबईच्या कूपरेजवर १८९१ पासून चाललेली रोव्हर्स कप स्पर्धा या शतकाच्या सुरुवातीला बंद पडली. शंभर वर्षांत तिथं कोण कोण खेळून गेलं, कोणाच्या किकला कोणतं नाव पडलं होतं, हे सांगणारी माणसं एकेक करून जात आहेत.

आणि हे मुंबईपुरतं नाही. त्या रात्री कट्टा उठल्यावर मी तात्यांना घरापर्यंत सोडायला गेलो. वाटेत त्यांना म्हटलं, "तात्या, तुमचा खेळताना एखादा फोटो आहे का?"

"एक हुता. पुराच्या पाण्यात गेला."

मग दारात उभं राहून अर्धा तास बोलत होते. लेस बांधलेला कातड्याचा चेंडू, हेडर मारला की कपाळावर वळ उठायचा. बूट दोघांत एक जोडी. एका फायनलला शेवटच्या मिनिटाला त्यांनी उजवीकडून दिलेला क्रॉस आणि त्यावर झालेला गोल. गोल मारणारा गेला. समोरचा गोलकीपर गेला. तो गोल आता जगात फक्त तात्यांच्या डोक्यात आहे. मी मोबाईल काढून रेकॉर्ड करायला सुरुवात केली तोवर ते म्हणाले, "जाऊ दे आता, उशीर झाला."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी परत गेलो. भाच्याला बरोबर नेलं. मोबाईल त्याच्याच हातात दिला. दीड तासाचं रेकॉर्डिंग झालं. मधे भाच्यानं विचारलं, "तात्या, तुम्ही डाव्या पायानं मारायचा का?" आणि तात्या खुर्चीतून उठून दाखवायला लागले. म्हातारा पाय, पण वळण्याची ती लकब बघून पोरगं गप्प झालं.

एवढंच सांगायचं होतं. आपल्या शहरात तालमी-तालमींत सत्तर, ऐंशी वर्षांची अशी माणसं आहेत. संघाचे जुने फोटो, पिवळी पडलेली कात्रणं, फुटक्या काचेच्या कपाटातल्या ढाली आहेत. महापालिका किंवा संघटना कधीतरी संग्रहालय करतील तेव्हा करतील, त्यांच्याकडं ती मागणी आपण लावून धरूच. पण तोवर मोबाईल आपल्या खिशात आहे. या रविवारी तुमच्या गल्लीतल्या एका जुन्या खेळाडूकडं जा. नाव, साल, संघ, कोणाविरुद्ध कोणती मॅच, एवढं विचारून रेकॉर्ड करून ठेवा. फोटो असेल तर त्याचा फोटो काढा आणि मागं कोण उभं आहे त्यांची नावं तिथंच लिहून घ्या, कारण पुढच्या वर्षी ती सांगायला कुणी असेलच असं नाही.

आणि हो, तुमच्या आठवणीतला आपल्या मातीतला सगळ्यात भारी फुटबॉलर कोण, तेही खाली लिहा. मेस्सी-मॅराडोनाचं भांडण पुढच्या वर्ल्ड कपला आहेच.